दोन हजार बाटांवर हजार रुपये

यवतमाळ जिल्ह्यातून परदेशी कोण जातं, असं नागपूर-पुण्याकडचे लोक अजूनही विचारतात. जातात, आणि बऱ्यापैकी जातात. बियाणं-कीटकनाशकांच्या कंपन्या विक्रीचं टार्गेट गाठणाऱ्या कृषी केंद्रचालकांना बँकॉक-पटायाला नेतात. दिग्रस, पुसद, उमरखेडची मंडळी हजला आणि उमराहला जातात. बौद्ध धम्मस्थळांच्या सहली बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनीला पोचतात. वैद्यकीय शिक्षणासाठी पोरं रशिया, जॉर्जिया, कझाकस्तानात आहेत. कृषी विभागाच्या निम्म्या अनुदानावरच्या अभ्यास दौऱ्यांतून शेतकरी युरोप पाहून येतात. आणि मुलगा-सून अमेरिकेत आहेत म्हणून सहा महिने तिकडे राहून येणारे निवृत्त मास्तर आता तालुक्याच्या गावीही भेटतात.

या सगळ्यांचा एक प्रश्न सारखा असतो: तिथे हातात रोख पैसे कसे आणायचे, आणि त्यात किती कापले जातात? तिकिटात चारशे रुपये वाचावेत म्हणून तीन-तीन ॲप चाळणारा माणूस या कापाकापीकडे मात्र नशिबाचा भाग म्हणून पाहतो. परत आल्यावर पासबुकात एंट्री मारून घेतो, आकडे जुळत नाहीत, बँकेत विचारतो, तिथला क्लार्क 'इंटरनॅशनल चार्जेस आहेत' म्हणतो आणि विषय संपतो.

तसा हा प्रश्नच नवा आहे. साठ-सत्तरच्या दशकात परदेशी निघालेल्या भारतीयाला आठ डॉलर घेऊन विमानात बसावं लागत असे, हे त्या पिढीतले लोक अजून सांगतात. १९७३ च्या 'फेरा' कायद्याखाली परकीय चलन जवळ बाळगणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच होता. त्याच्या जागी आलेला 'फेमा' कायदा १ जून २००० पासून लागू झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली, ती वाढत आज अडीच लाख डॉलर झाली आहे. म्हणजे मुभा भरपूर आहे. खिशाला चाट बसते ती वाटेत.

चाट लावणारे तीन जण असतात. पहिला म्हणजे परदेशातल्या एटीएमचा मालक. दुसरी आपली बँक, जी परदेशात पैसे काढल्याबद्दल ठरावीक फी घेते आणि चलन बदलल्याबद्दल वर टक्केवारीही लावते. या टक्केवारीला बँकेच्या भाषेत मार्कअप म्हणतात. तिसरा सगळ्यांत लबाड. तो एटीएमच्या पडद्यावर अदबीने विचारतो, 'रक्कम रुपयांत दाखवू का?' या तिघांचा हिशेब वेगवेगळा मांडल्याशिवाय कुठे वाचवायचं ते कळत नाही.

थायलंड घेऊ, कारण आपल्या जिल्ह्याचा तिकडे राबता आहे. तिथल्या बँका परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट घेत आल्या आहेत, काहींनी त्याहून वर नेले आहेत. दोनशे काढा की वीस हजार, आकार तोच. आपल्याकडे खाजगी क्षेत्रातल्या मोठ्या बँका, एचडीएफसी, आयसीआयसीआय, ॲक्सिस, परदेशात रोख काढल्यास साधारण १२५ रुपये आणि साडेतीन टक्के मार्कअप घेतात. स्टेट बँकेत १०० रुपये आणि साडेतीन टक्के. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

आता बाट पावणेतीन रुपयांना आहे असं धरू. एका गृहस्थाने २,००० बाट काढले, म्हणजे ५,५०० रुपये. मालकाचे २२० बाट म्हणजे ६०५ रुपये. एकूण ६,१०५ वर साडेतीन टक्के, २१४ रुपये. बँकेची फी १२५. त्या दोन्हींवर जीएसटी ६१. बेरीज १,००५ रुपये. साडेपाच हजार हातात येण्यासाठी हजार रुपये गेले, शेकडा अठरा! यवतमाळच्या आठवडी बाजारात हातउसने देणारा सावकारही महिन्याला एवढं मागायला लाजेल.

त्याच गृहस्थाने एकाच वेळी २०,००० बाट काढले असते तर? ५५,००० रुपयांवर मालकाचे तेच ६०५, मार्कअप १,९४६, फी १२५, जीएसटी ३७३. बेरीज ३,०४९, म्हणजे साडेपाच टक्के. तेच वीस हजार दोन-दोन हजार करून दहा वेळा काढले तर दहा हजारांवर कापले जातात. रक्कम तीच, बँक तीच, कार्डही तेच. फक्त काढण्याच्या सवयीने सात हजारांचा फरक पडला.

आणि नेमकी हीच सवय आपल्या माणसाची असते. 'एकदम काढाले भेव वाटते बाप्पा, हरवले-चोरले त काय करता?' हे वाक्य कोणत्याही टूरमध्ये ऐकू येतं. भीती खोटी नाही. पण चोरीची शक्यता असते आणि फी हमखास असते. यावर ग्रुपने जाणाऱ्यांपुरता उपाय सोपा आहे: एकाने एकदाच मोठी रक्कम काढावी, चौघांचा खर्च त्यातून व्हावा, वहीत लिहून ठेवावा, वाटणी गावी आल्यावर. शेतीच्या पैशांचा हिशेब ज्यांनी जन्मभर भावकीत केला, त्यांना हे शिकवायची गरज नाही.

आता तो तिसरा. एटीएम कार्ड ओळखतं की हे भारतातलं आहे, आणि पडद्यावर रुपयांतला आकडा दाखवतं, खाली दोन बटणं. एकावर 'ॲक्सेप्ट कन्व्हर्जन', दुसऱ्यावर 'डिक्लाइन'. रुपयांतला आकडा ओळखीचा, म्हणून बरा वाटतो. आणि 'डिक्लाइन' दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, कार्ड अडकेल, अशी धास्ती वाटते. म्हणून बोट पहिल्या बटणावर जातं. खरं तर 'डिक्लाइन' दाबल्यावर पैसे येतातच, फक्त ते स्थानिक चलनात लिहिले जातात आणि भाव व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो. पहिलं बटण दाबलं की भाव एटीएमवाल्याचा, त्याच्या मर्जीचा. त्यात पाच टक्के गेले तर ५५,००० वर २,७५० रुपये आणखी. वर कित्येक बँका व्यवहार परदेशातला म्हणून आपला आकार लावतातच. दुकानात कार्ड मशीनवर स्वाइप करतानाही हाच प्रश्न येतो आणि उत्तर तेच: स्थानिक चलन. युरोपीय संघाने १९ एप्रिल २०२० पासून ही रूपांतरणाची वाढ युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत टक्क्यांत दाखवायची सक्ती केली. पण पडद्यावर आलेला आकडा वाचायला घटकाभर थांबावं लागतं, आणि मागे रांग लागलेली असते. युरोपातल्या पर्यटनाच्या चौकांत युरोनेट कंपनीची एटीएम जागोजागी आहेत, तिथे तर जपूनच. बँकेच्या शाखेला लागून असलेलं एटीएम शोधावं. कार्ड अडकलंच तर निदान आत माणूस असतो.

या तिघांतला खरा मोठा कोण, असं मला कोणी विचारलं तर मी फीकडे बोट दाखवणार नाही. फी दिसते, म्हणून तिची चर्चा होते. भावात लपलेलं दिसत नाही. 'शून्य कमिशन' अशी पाटी लावून विमानतळावर डॉलर विकणाऱ्याचं पोट कशावर चालतं, याचा विचार एकदा केला की पुढचं सगळं सोपं जातं.

एटीएमला पर्याय कोणते? जुना आणि अजून जिवंत असलेला पर्याय म्हणजे इथूनच नोटा नेणं. नियमाप्रमाणे एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत रोख परकीय चलन घेता येतं, उरलेलं कार्डावर. अधिकृत मनी चेंजरकडूनच घ्यावं लागतं आणि ५० हजार रुपये किंवा त्याहून जास्तीचा व्यवहार रोखीने करता येत नाही, बँकेतून वळते करावे लागतात. यवतमाळात या धंद्याची फारशी चहलपहल नाही. बहुतेक लोक दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला जातात, नाहीतर टूरवाल्याच्या माणसावर सोडतात. टूरवाल्यावर सोडलं की भाव विचारायची सोय राहत नाही. दोन-तीन ठिकाणी फोन करून त्याच तासाचा भाव विचारावा आणि त्या दिवशीचा बाजारभाव मोबाईलवर पाहून फरक टक्क्यांत काढावा. शेकडा एकाच्या आत असेल तर घ्यावं, तीनच्या पुढे असेल तर चहा पिऊन निघावं. चलन बदलण्यावर जीएसटीही आहे, पण तो पूर्ण रकमेवर नाही, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्का ही सेवेची किंमत धरतात, किमान २५० रुपये, आणि तिच्यावर १८ टक्के. म्हणजे लाखाला १८० रुपये. कोणी लाखावर १८ हजार जीएसटी सांगत असेल तर त्याला गणित येत नाही किंवा फार चांगलं येतं.

डॉलर नेताना शंभरच्या, न चुरगळलेल्या नोटा मागाव्यात. बँकॉकच्या सुपररिचसारख्या दुकानांत शंभराच्या नोटेला जो भाव मिळतो तो वीस-दहाच्या नोटांना मिळत नाही. आपले रुपयेही तिथे बदलून मिळतात आणि २५ हजारांपर्यंत ते सोबत नेता येतात, पण डॉलरइतका चांगला भाव त्यांना नसतो. नागपूरला नीट भावाने घेतलेले डॉलर बँकॉकच्या चांगल्या दुकानात बदलले तर सगळी गळती दोन टक्क्यांच्या आसपास राहते. वरच्या साडेपाच आणि अठरा टक्क्यांशी ताडून पाहा. चार-पाच दिवसांच्या कंपनी टूरला, जिथे हॉटेल आणि जेवण कंपनीचंच असतं, मला तरी हाच मार्ग सरळ वाटतो. कार्ड असू द्यावं, अडचणीला.

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधीच डॉलर, युरो, रियाल भरून घेतलेलं कार्ड. भाव निघण्याआधीच पक्का होतो, हा त्याचा गुण. पण जाहिरातीत 'झिरो मार्कअप' लिहिलेलं असतं ते कार्डात भरलेल्या चलनापुरतं. डॉलर भरलेलं कार्ड व्हिएतनामला वापरलं की डॉलरचे डाँग होताना पुन्हा टक्केवारी लागते. एटीएमची फीही असते, बहुधा दोनेक डॉलर दर वेळी, आणि परदेशी मालकाची निराळी. युरोप, अमेरिका, सौदी, जिथे चलन एकच लागणार, तिथे हे कार्ड उपयोगी. बाट किंवा डाँगसाठी त्याचं फारसं कौतुक करू नये.

अलीकडे मार्कअप अजिबात न लावणारी डेबिट कार्डं निघाली आहेत. नियोसारखी ॲप बँकांशी हातमिळवणी करून ती देतात. आपल्या उदाहरणात असं कार्ड असतं तर वीस हजार बाटांवर मालकाचे ६०५ आणि फार तर बँकेची फी, म्हणजे सव्वा-दीड टक्का. कागदावर याच्याइतकं स्वस्त काही नाही. पण जानेवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने एसबीएम बँक इंडियाला परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखालचे सगळे व्यवहार तत्काळ थांबवायला सांगितले. तिच्या भागीदारीतली प्रवासाची कार्डं घेऊन जे त्या वेळी बाहेर होते, त्यांच्या खिशात शून्य मार्कअपचं प्लॅस्टिक राहिलं. म्हणून दुसऱ्या बँकेचं एक कार्ड, दुसऱ्या पाकिटात.

क्रेडिट कार्डाने रोख काढणं हा विषय एका ओळीत संपतो: काढू नये. अडीच टक्के किंवा किमान ५०० रुपये तिथेच जातात, व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं आणि मार्कअप आहेच. त्याच कार्डाने दुकानात खरेदी करणं ही वेगळी गोष्ट आहे.

आता आपल्या जिल्ह्यापुरती खरी अडचण. ती फीच्या आधी येते. पुष्कळांचं रोजचं खातं जिल्हा मध्यवर्ती बँकेत, एखाद्या नागरी सहकारी बँकेत किंवा जनधनचं असतं, आणि कार्ड देशांतर्गत रुपे. ते बँकॉकमध्ये चालत नाही. रुपेचंच ग्लोबल कार्ड डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबी यांच्या जाळ्यावरून बाहेर चालतं, पण तुमचं ते आहे का, हे कार्ड पाहून ठरवावं लागतं. व्हिसा-मास्टरकार्ड असलं तरी रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानंतर नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतंच चालू करून मिळतं. परदेशी वापराचं बटण ॲपमधून किंवा शाखेतून आपणच सुरू करायचं असतं आणि रोजची मर्यादाही आपणच ठरवायची असते. ओटीपीसाठी सिम रोमिंगवर असायला हवं. हे सगळं घरून निघण्याआधी, शाखेतला ओळखीचा माणूस जागेवर असताना. रात्री अकराला फुकेतच्या एटीएमसमोर उभं राहून राळेगावच्या शाखेला फोन लागत नाही. आणि पडद्यावर शिल्लक पाहू नये. त्याचेही पंचवीसेक रुपये अधिक जीएसटी जातात.

लुंबिनीचा हिशेब निराळा. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाला १.६० या दराने बांधलेला आहे, त्यामुळे भावात फसगत व्हायला फार जागा नाही. शंभराच्या नोटा भैरहवा-लुंबिनी भागात सहज चालतात. घोटाळा मोठ्या नोटांचा. नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये शंभरहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली आणि पाचशेच्या गड्ड्या घेऊन गेलेल्या सहलींची पंचाईत होऊ लागली. अलीकडे हे नियम सैल होत आले आहेत, म्हणून निघायच्या आठवड्यात एकदा विचारून घ्यावं. शंभरच्या नोटा नेल्या तर विचारायचीही गरज नाही. मार्च २०२४ पासून फोनपेच्या क्यूआर कोडवर आपलं यूपीआयही नेपाळात चालतं. हे फोनपे म्हणजे तिथली कंपनी, आपल्या मोबाईलमधलं ॲप नव्हे. भूतान, सिंगापूर, अमिरात, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्समध्ये काही ठिकाणी यूपीआयची सोय झाली आहे. त्याने दुकानदाराला पैसे देता येतात, रोख निघत नाही. थायलंडच्या हातगाडीवाल्याला मात्र नोटाच.

हज यात्रेकरूंची सोय पूर्वी ठरलेली असे. हज कमिटी प्रत्येकाला २,१०० रियाल हातात द्यायची, त्याचे पैसे आधीच भरून घेतलेले असत. २०२३ च्या हजपासून ती सक्ती गेली. रियालची व्यवस्था ज्याची त्याने करायची झाली आणि अल्पसंख्याक मंत्रालयाने स्टेट बँकेतून चलन मिळण्याची सोय केली. हे चांगलं झालं, कारण कुणाला हजार रियाल पुरतात आणि कुणाला चार हजार. पण चाळीसेक दिवसांचा मुक्काम, वय झालेली माणसं आणि पहिलाच विमानप्रवास यांत जबाबदारी एकदम अंगावर आली. नागपूर हे विमानात बसण्याचं ठिकाण असल्याने पुष्कळ जण रियाल तिथेच शेवटच्या घटकेला घेतात, आणि शेवटच्या घटकेचा भाव कोणत्याही गावी महागच. हज-उमराहला जाणाऱ्यांना रोखीच्या मर्यादेतही इतरांपेक्षा सवलत आहे. महिनाभराच्या बेताने निम्मे रियाल नोटांत आणि निम्मे कार्डावर, नवरा-बायकोकडे वाटून, ही विभागणी मला शहाणपणाची वाटते. हाच विचार टूरवाले करत नाहीत, कारण रियाल तेच विकतात.

रशियातल्या पोरांसाठी वरचं सगळं गणित निकामी आहे. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं. तेव्हापासून भारतात निघालेलं त्यांचं कार्ड तिथल्या एटीएममध्ये नुसतं प्लॅस्टिक आहे. नोटा नेण्याच्या नियमात रशियाला सूट आहे, तीन हजारांची मर्यादा तिथे लागत नाही. म्हणून अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा सहा महिन्यांचा खर्च डॉलरमध्ये अंगाशी बांधून मॉस्कोला उतरतो आणि तिथे रुबल करून स्थानिक बँकेच्या मीर कार्डावर भरतो. इथे फी शून्य आणि जोखीम पुरी. इतर देशांत शिकणाऱ्याने पहिल्या महिन्यातच तिथल्या बँकेत खातं उघडावं. वडिलांच्या भारतीय कार्डाने दर आठवड्याला खर्चाचे पैसे काढणारा विद्यार्थी वर्षाकाठी एका सेमिस्टरच्या पुस्तकांचे पैसे बँकांना देतो.

अमेरिकेत मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी आपलं कार्ड सुटकेसमध्येच ठेवावं. मुलाच्या तिथल्या खात्याचं कार्ड हे त्यांच्यासाठी सगळ्यांत स्वस्त एटीएम. चार्ल्स श्वाबसारख्या खात्यांवर तर जगभरातल्या एटीएम मालकांनी कापलेली फीही परत मिळते. काही वडिलांना हे पटत नाही. पोराचे पैसे का घ्यायचे, म्हणून ते तीन डॉलर फी भरून चाळीस डॉलर काढतात. त्यांच्याशी वाद घालू नये.

राहिला टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच कापला जाणारा कर. मनी चेंजरकडून घेतलेलं चलन, फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्डाने बाहेर काढलेली रोख हे सगळं एका आर्थिक वर्षात मोजलं जातं. १ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांपर्यंत त्यावर कर कापला जात नाही. आधी ही मर्यादा सात लाख होती. टूर पॅकेजचे नियम वेगळे आहेत आणि अर्थसंकल्पागणिक बदलतात. कापला गेला तरी ती फी नव्हे, विवरणपत्र भरलं की परत मागता येतो. कृषी केंद्रवाले विवरणपत्र भरतातच. निवृत्त मास्तरांनी ते त्या वर्षी चुकवू नये.

यंत्राने पैसे दिलेच नाहीत आणि खात्यातून गेले, असंही होतं. भारतात पाच दिवसांत पैसे परत न आल्यास बँकेला रोज शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ चा तो आदेश देशातल्या व्यवहारांपुरताच आहे. परदेशातल्या यंत्राची पावती किंवा पडद्याचा फोटो घेऊन त्याच दिवशी आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवणं, एवढंच हातात असतं, आणि निकाल लागायला महिनाही जातो.

परत येताना उरलेल्या नोटांचं काय? दोन हजार डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत परत विकावे लागतात. परदेशी नाणी इथे कोणी घेत नाही, ती विमानतळावरच्या चहा-पाण्यात संपवावीत. उरलेले रियाल शेजारच्या आळीत उमराहला निघालेल्या माणसाला विकायची आपल्याकडे पद्धत आहे. दोघांचाही फायदा होतो, भावही बरा ठरतो. पण 'फेमा'प्रमाणे परकीय चलनाची खरेदी-विक्री अधिकृत दुकानाशीच करता येते, आळीत नाही.